घाट उतरून रत्नागिरीस

— ऊस विकास अधिकारी



शेवटची मोळी गव्हाणीत पडली आणि गाळप हंगामाचा भोंगा थांबला, की आपल्याकडे सहलीची टूम निघते. कुणी पंढरपूर म्हणतो, कुणी गोवा. गेल्या हंगामानंतर आमच्या गटातील ४२ सभासदांनी रत्नागिरी ठरवली. वर्गणी ज्याने त्याने आपल्या खिशातून काढली. कारखान्याचा एक पैसाही त्यात नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे वार्षिक सभेत प्रश्न यायला नको!

खरे बोलायचे तर बहुतेकांच्या डोळ्यापुढे समुद्र, हापूस आणि ताजी मासळी एवढेच होते. ते सगळे मिळाले. पण परत येताना गाडीत चर्चा चालली होती ती वेगळ्याच गोष्टीची. ती सर्व सभासदांपर्यंत पोहोचावी म्हणून हा लेख.

आंबा घाट

कोल्हापूरहून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर. मलकापूर सोडले की उसाचे फड मागे पडतात आणि आंबा घाट सुरू होतो. घाटमाथ्यावर पहाटेच्या गारव्यात न्याहारी केली. बरोबर दोन आचारी होते, गाडीचा ड्रायव्हर आणि क्लीनर होता. सभासदांची पंगत उठल्यावर त्या चौघांनी गाडीच्या आडोशाला उभ्या उभ्या खाल्ले. व्यवस्था माझ्याकडेच होती आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

घाट उतरला की जमीन बदलते. तांबडा जांभा दगड, वर मातीचा पातळ थर. येथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्यात पाणी ठरत नाही, उतारावरून ते समुद्राला मिळते. म्हणून मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. या कातळात सुरुंग लावून खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात हापूसचे कलम लावायचे, अशी इथली शेती. आपले एक सभासद म्हणाले, "आन् आपण काळ्या रानात पाटाचं पानी सोडून घरी झोपतो!" मी फक्त मान हलवली. मी सांगितले असते तर त्यांना ते पटले नसते.

किल्ला, राजवाडा आणि एक अजब अदलाबदल

रत्नागिरीत प्रथम रत्नदुर्ग पाहिला. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंनी समुद्र. किल्ला मूळचा बहामनी काळातला. पुढे आदिलशाहीकडे गेला आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी घेतला. बालेकिल्ल्यात भगवती देवीचे देऊळ आहे. तटावरून खाली मिरकरवाड्याच्या बंदरातील होड्या दिसतात. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी समुद्र प्रथमच पाहिला. बराच वेळ कुणी बोलेचना.

तेथून थिबा राजवाडा. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि त्याला राणी व मुलींसह समुद्रमार्गे हिंदुस्थानात आणले. १८८६ पासून तो रत्नागिरीत नजरकैदेत होता. आज आपण पाहतो तो तीन मजली राजवाडा १९१० साली पुरा झाला. त्यात राजा जेमतेम सहा वर्षे राहिला. १९१६ साली तो येथेच वारला. त्याची कबर शहरातच, शिवाजीनगर भागात आहे. राजवाड्यात आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे.

रत्नागिरीच का? तर मागे सह्याद्री, पुढे समुद्र. त्या काळी रेल्वे नाही, धड रस्ता नाही. माणूस येथे ठेवला की जगाला विसरायला मोकळा, असा हिशेब. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशहा जफर १८५८ साली रंगूनला धाडला. तो तेथेच मेला. तिकडचा राजा इकडे मेला आणि इकडचा बादशहा तिकडे.

यापुढची गोष्ट टिळक आळीत समजते. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. कौलारू घर स्मारक म्हणून जपले आहे. राजद्रोहाच्या खटल्यात १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली आणि त्यांना कोठे नेले? मंडालेला, म्हणजे थिबा राजाच्या राजधानीत! तेथे १९१४ पर्यंत ते तुरुंगात होते आणि तेथेच 'गीतारहस्य' लिहिले गेले. म्हणजे ती सहा वर्षे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैद. शाळेत दोन्ही गोष्टी शिकलो होतो, पण त्या एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. दोन्ही जागा एकाच दिवशी पायाखाली घातल्या तेव्हा उमगले.

पतितपावन मंदिर

संध्याकाळी पतितपावन मंदिरात गेलो. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणाला बंदी होती. त्या वर्षांत त्यांनी अस्पृश्यता मोडण्याचे काम हाती घेतले. मंदिरासाठी पैसा दिला तो भागोजीशेठ कीर यांनी. भागोजीशेठ भंडारी समाजातील, रत्नागिरीत गरिबीत वाढलेले आणि मुंबईत बांधकामाच्या धंद्यात नाव काढलेले. फेब्रुवारी १९३१ मध्ये मंदिर खुले झाले. आत लक्ष्मी-नारायणाच्या मूर्ती आहेत. कोणत्याही जातीच्या हिंदूने थेट गाभाऱ्यापर्यंत जाऊन पूजा करावी, असे हे मंदिर.

तो काळ ध्यानात घ्या. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह झाला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हेही याच रत्नागिरी जिल्ह्यातले. अशा त्या दिवसांत रत्नागिरीत एका पंगतीत बसून सहभोजने झाली, १९३३ साली सर्वांना मोकळे असे उपाहारगृह निघाले. आज वाचायला सोपे वाटते. पण त्या पंगतीत बसणाऱ्याला घरी गेल्यावर काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना करा.

रात्री मुक्कामाच्या हॉलमध्ये पाने मांडली. आमच्यात एक वयोवृद्ध सभासद आहेत, त्यांना सगळे आबाच म्हणतात. आबांनी पानाला हात लावला नाही. मला हाक मारून म्हणाले, "सायेब, आपला डायवर कुठं हाय? आन् ती आचारी पोरं?"

मी म्हणालो, "आबा, ते मागाहून जेवतील."

"मग मंदिर बघून काय केलं आपण? नुसता घंटाच वाजिवला?"

मला काय बोलावे सुचेना. पन्नास रुपयांची भाकरी-आमटी असो की पुरणपोळी, पंगतीत कोण कुठे बसतो हे आपण न सांगता ठरवून टाकतो आणि त्याला व्यवस्था म्हणतो. चौघांना बोलावून आणले. ते संकोचले, पण आबांनी आपल्या शेजारीच जागा केली. आम्ही दोघा-तिघांनी वाढायचे काम घेतले. आमटी जरा सांडली, भात कमीजास्त पडला, पण जेवण झाकास झाले. दुसऱ्या दिवसापासून तीच पद्धत.

दुसरा दिवस

सकाळी भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र पाहिले. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचे हे केंद्र. नारळाच्या दोन झाडांत साडेसात मीटर अंतर, आणि त्या मोकळ्या जागेत जायफळ, दालचिनी, नारळाच्या खोडावर चढवलेली मिरी. याला 'लाखी बाग' म्हणतात. उसात कांदा, हरभरा घ्या असे मी शिवारफेरीत सांगतो, तेव्हा मान डोलावणारे पुष्कळ असतात. येथे मात्र दोघांनी वही काढली.

नंतर आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे. येथे डोंगरच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला. जवळच मालगुंड, कवी केशवसुतांचे जन्मगाव. तेथे त्यांचे स्मारक आहे. परतताना वाट वाकडी करून कसबा संगमेश्वर गाठले. कर्णेश्वराचे काळ्या दगडातील देऊळ, त्यावरील कोरीव काम पाहून नजर हलत नाही. याच गावी १६८९ साली संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले. तेथे सगळे आपोआप पायातली पायताणे काढून उभे राहिले. मग देवरुख, साखरपा करून पुन्हा आंबा घाट.

जाणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात घाटातून रात्री जाऊ नका. वस्तुसंग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. दोन दिवस पुरतात, तीन असल्यास पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घ्या. हापूस पेटीने घेताना वरचा थर पाहून भुलू नका, खालचाही पाहा.

आणि शेवटचे. आपला कारखाना सहकारी. शेअर कितीही असोत, मत एकच. हे पोटनियमात लिहिले आहे आणि आपण ते अभिमानाने सांगतो. पण गाडी हाकणारा, चूल पेटवणारा, फडात कोयता चालवणारा, यांची नावे त्या पोटनियमात नाहीत. त्यांच्यासाठी पंगतीत जागा आपणच करायची आहे. येत्या हंगामात तोडणीची टोळी आपल्या फडात आली की जेवणाच्या वेळी आबांचा प्रश्न आठवावा, एवढीच विनंती.