माहितीचीं प्रचंड भांडारें व त्यांचें रक्षण

कोणत्याही शाळेच्या कचेरींत जनरल रजिस्टर नांवाचें एक जाड बुक असतें. त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याचें नांव, जन्मतारीख व शाळेंत दाखल झाल्याचा दिवस लिहिलेला असतो; आणि पुढें वीस वर्षांनीं कोणी दाखला मागावयास आला, तरी तो त्याच बुकावरून मिळतो. हें बुक वाळवीनें खाल्लें तर कागदाची किंमत फारशी बुडत नाहीं. बुडतो तो शेंकडों माणसांचा पुरावा. म्हणून दूरदर्शी कारकून त्याची दुसरी प्रत करून ती निराळ्या कपाटांत ठेवितो.

आज बँकांचे हिशेब, रेल्वेचीं तिकिटें, रोग्यांचे कागद व जमिनीचे उतारे हें सर्व संगणकांत जाऊन बसलें आहे. पद्धतशीर लावून ठेवलेल्या व हवी ती नोंद क्षणांत काढून देणाऱ्या अशा माहितीच्या भांडारास डेटाबेस असें म्हणतात. लहान बुकाची नक्कल करणें सोपें. परंतु भांडार प्रचंड झालें म्हणजे त्याची राखीव प्रत कशी करावी व ती कशी सांभाळावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम आकाराची कल्पना घेऊं. संगणकांतील माहिती बाइट या मापानें मोजतात. इंग्रजी एका अक्षरास साधारणतः एक बाइट लागतो. दहा लक्ष बाइट म्हणजे एक मेगाबाइट, हजार मेगाबाइट म्हणजे एक गिगाबाइट, व हजार गिगाबाइट म्हणजे एक टेराबाइट. मोठ्या संस्थांचीं भांडारें शेंकडों टेराबाइटांचीं असतात. अशा भांडाराचा कारभार रात्रंदिवस चालू असतो. त्यांत क्षणोक्षणीं नवी भर पडत असते. आणि “नक्कल होईपर्यंत थांबा” असें लोकांस सांगतां येत नाहीं.

ही अडचण दूर करण्याची युक्ति आपल्या जुन्या पेढ्यांवरील रीतीसारखीच आहे. दिवाणजी प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दींत लिहीत, व मग तो खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवीत. मोठे डेटाबेसही नेमकें हेंच करतात. प्रत्येक बदल आधीं एका क्रमवार रोजकीर्दींत उतरतो, व नंतर मूळ खात्यांत चढतो. मध्येंच वीज गेली, तर पुनः सुरू होतांच संगणक रोजकीर्द वाचून अपुरी राहिलेली खतावणी पुरी करतो. राखीव प्रतीसाठींही हीच रोजकीर्द उपयोगी पडते. आठवड्यांतून एकदां खतावणीची संपूर्ण नक्कल करावी, रोज केवळ बदललेल्या भागाची नक्कल करावी, आणि रोजकीर्दीचें पान भरलें कीं तें लगेच दुसऱ्या जागीं पाठवावें. असें केलें असतां, दुपारीं तीन वाजतां कोणाच्या हातून चूक घडली, तर नकलेवर रोजकीर्द चढवीत जाऊन दोन वाजून एकोणसाठ मिनिटांस भांडार जसें होतें तसें पुनः उभें करतां येतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं मुख्य संगणकाशेजारीं दुसरा संगणक ठेवून प्रत्येक बदल त्यावरही तत्काळ उमटवितात. यंत्र बिघडलें तर हा जोडीदार काम पुढें चालवितो, हा लाभ खरा. परंतु तो आरशासारखा असतो. मुख्य भांडारांतून चुकून एखादी नोंद पुसली, तर ती आरशांतूनही त्याच क्षणीं पुसली जाते. आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे.

आतां दोन घडलेल्या गोष्टी पाहूं. गिटलॅब ही संगणकाच्या प्रोग्रॅमचे मसुदे लोकांसाठीं सांभाळून ठेवणारी कंपनी आहे. ता. ३१ जानेवारी २०१७ रोजीं रात्रीं तिचा एक तंत्रज्ञ बिघडलेला जोडीदार संगणक दुरुस्त करीत होता. जोडीदारावरील निरुपयोगी भाग पुसावा म्हणून त्यानें आज्ञा दिली. पण ती दिली गेली मुख्य संगणकास! एकदोन सेकंदांत चूक त्याच्या ध्यानांत आली. तोंपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकीं केवळ साडेचार उरले होते. राखीव प्रती आहेत, या भरंवशावर सर्वजण तिकडे वळले. तेव्हां असें आढळलें कीं, रोज होणारी नक्कल मुळीं होतच नव्हती. कारण नक्कल करणारें साधन जुन्या आवृत्तीचें व डेटाबेस नव्या आवृत्तीचा होता. नक्कल फसल्याची सूचना देणारीं पत्रेंही पोंचत नव्हतीं. जेथें प्रती सांठावयाच्या, ती जागा रिकामी होती. दैवयोगानें त्याच तंत्रज्ञानें सहा तासांपूर्वीं दुसऱ्या कामासाठीं एक प्रत काढून ठेविली होती. तिच्यावरून भांडार पुनः उभें राहिलें. परंतु ज्या यंत्रावर ती होती तें मंदगति असल्यामुळें ती परत आणण्यास सुमारे अठरा तास लागले, व मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीनें मात्र ही हकीकत लपविली नाहीं. तपशीलवार प्रसिद्ध करून इतरांस सावध केलें, हें तिला भूषणावह होय.

दुसरी गोष्ट दक्षिण कोरियांतील देजॉन शहराची. तेथील सरकारी माहितीकेंद्रांत ता. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं बॅटऱ्या हलविण्याचें काम चालू असतां आग लागली व ९६ सरकारी यंत्रणा जळून गेल्या. त्यांत सरकारी नोकरांचे कामाचे कागद ठेवण्याचें “जी-ड्राइव्ह” नांवाचें ८५८ टेराबाइटांचें भांडार होतें. इतर बहुतेक यंत्रणांच्या प्रती अन्यत्र होत्या. पण हें भांडार फार मोठें, म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलीच नव्हती. सुमारे सव्वा लाख नोकरांचें वर्षानुवर्षांचें लिखाण एका रात्रींत नाहींसें झालें.

भांडार मोठें म्हणून प्रत अशक्य, हें म्हणणें कितपत टिकतें, तें गणितानें तपासूं. सेकंदास १२५ मेगाबाइट वाहून नेणारी एक तार घेतली, तर ८५८ टेराबाइट नेण्यास सुमारे ७९ दिवस लागतील. हें ऐकून धीर सुटतो खरा. पण दसपट वेगाची तार घेतल्यास तेंच काम आठ दिवसांत होतें. शिवाय सगळें भांडार रोज न्यावयाचें नसतें. रोज शंभरांत एक भाग बदलतो असें धरलें, तर तेवढा भाग पहिल्या मंद तारेवरूनही सुमारे १९ तासांत जातो. आज १८ टेराबाइट मावणारी चुंबकीय फितीची एक पेटी तळहातावर राहते. अशा ४८ पेट्यांत तें सारें भांडार एका कपाटांत बसलें असतें. काम खर्चाचें खरें. अशक्य मात्र नव्हे.

या अनुभवांतून जाणत्यांनीं ठरविलेला नियम सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं असावी. एक प्रत तारेनें कोठेंही न जोडलेली असेल तर अधिक उत्तम. कारण चोरट्यास किंवा दुष्ट प्रोग्रॅमला तेथवर हात पोंचवितां येत नाहीं. परंतु या सर्वांवर एक नियम आहे, व तोच बहुधा विसरला जातो. प्रतीवरून भांडार पुनः उभें करून पाहावें, त्यास किती वेळ लागतो तें मोजावें, व मुळाशीं ताळा घ्यावा. गणिताचें उत्तर आलें म्हणजे विद्यार्थी जसा ताळा करून पाहतो, तसाच हा ताळा होय. जी प्रत कधीं वाचून पाहिली नाहीं, ती प्रत नव्हे. ती केवळ आशा होय.

बालमित्रहो, आपल्या घरांतही असें एक लहान भांडार आहे. आजीआजोबांचीं छायाचित्रें, धाकट्या भावंडाचे पहिले बोल, वडिलांनीं जपून ठेवलेले कागद हें सारें पुष्कळ घरीं एकाच मोबाइलमध्यें असतें. येत्या रविवारीं वडीलमंडळींच्या संमतीनें त्याची एक प्रत करून ती निराळ्या जागीं ठेवा. आणि ठेवण्यापूर्वीं ती उघडून त्यांतील एक छायाचित्र आजीस दाखवा. तें तिला नीट दिसलें, म्हणजे तुमचा ताळा जमला.