कराचीहून फुटलेल्या दोन वाटा

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. १९४३ ते १९४८ या काळात जवळच्या वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले, त्यांत बायका-मुलंच जास्त. बहुतेक जण कॅथलिक, त्यामुळे ही गोष्ट मला आमच्या घरातलीच वाटते. पण साधारण त्याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या मुलांबद्दल मी यंदाच वाचलं.

१९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला. रशियाने लाखो लोकांना सायबेरियाकडे हाकललं. १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यासोबत लाखाहून अधिक माणसं इराणात पोहोचली. त्यांत ज्यू कुटुंबांची शेकडो मुलं होती, बरीचशी अनाथ. त्यांना 'तेहरानची मुलं' म्हणतात. जर्मनांच्या तावडीतून ती निसटली होती. मागे राहिलेले बहुतेक नातलग मारले गेले.

इराकने त्यांना वाट दिली नाही. म्हणून १९४३ च्या सुरुवातीला सातशेहून अधिक मुलं बोटीने कराचीला, तिथून सुएझला आणि १८ फेब्रुवारीला आगगाडीने पॅलेस्टाइनमधल्या अटलितला गेली. वळिवड्याला आलेले अनेक जणही कराचीमार्गेच आले होते.

आता साधा हिशोब करा. १९४३ मध्ये तेरा वर्षांचा असलेला मुलगा १९४८ मध्ये अठरा वर्षांचा, म्हणजे बंदूक हातात घेण्याच्या वयाचा. आणि त्याच वर्षी तिथे युद्ध पेटलं. त्या आणि पुढच्या युद्धांत मिळून तेहरानच्या मुलांपैकी ३५ जण पडले. १९४८ च्याच युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले, हेही इथे सांगायलाच हवं. निर्वासित मुलांची रांग तिथे संपली नाही, नवी सुरू झाली.

नरसंहारातून घरातला एकटाच वाचलेला आणि पुढे सैनिक म्हणून पडलेला, अशा माणसाला हिब्रूत 'नेत्झेर अहरोन' म्हणतात, म्हणजे शेवटचा कोंब. त्याच्यामागे रडायलाही घरचं कुणी नसतं. जेरुसलेमच्या हर्झल टेकडीवर अशांचं वेगळं स्मारक आहे.

आमच्याकडे २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. ज्या थडग्याकडे कुणीच फिरकलेलं नसतं, तिथे माझी आजी आपल्याजवळची एक लावते. लहानपणी मी विचारायचे, "हा आपला कोण?" ती म्हणायची, "कुणाचा नाही, म्हणून आपला."