स्पार्क प्लग : डबी पाहून नव्हे, नंबर पाहून घ्या

आपल्या व्यापारी बांधवांत अलीकडे मोठ्या गाड्यांचा शौक वाढला आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, कोठेही जा, कापडाच्या गोदामासमोर एखादी ऑडी किंवा मर्सिडीज उभी दिसते. नवी गाडी सर्वांना परवडत नाही, म्हणून सहा-आठ वर्षे वापरलेली घेतली जाते. त्यात गैर काही नाही. पूर्वी या मोठ्या गाड्या बहुतेक डिझेलच्या असत आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि ऑडीने तर भारतात डिझेल गाड्या विकणेच बंद केले. आता सेकंडहँड बाजारात पेट्रोलच्या गाड्या जास्त येऊ लागल्या आहेत. ज्यांनी उभी उमर डिझेलवर काढली त्यांना प्लग ही चीज नव्याने शिकावी लागते. मलाही शिकावी लागली. फी जरा जास्त पडली, म्हणून हा लेख.

माझ्याकडे पहिल्या पिढीची ऑडी क्यू ५ आहे, २.० टीएफएसआय पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो. प्लग बदलण्याची वेळ आली तेव्हा मी एका दुकानातून नामांकित कंपनीच्या डबीतले चार प्लग आणले. भाव बाजारापेक्षा बराच कमी होता. बिल मागितले नाही. सूत घेताना ज्या माणसाने कधी कोन न उलगडता सौदा केला नाही, त्याने प्लगची डबीसुद्धा उघडून पाहिली नाही! सहा महिन्यांनी मालेगावला जाताना कसारा घाटात गाडी धक्के देऊ लागली आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. पार्टी वाट पाहत होती, म्हणून मी तशीच दामटली.

ही दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग ठरली. इंजिनचा दिवा नुसता पेटून राहिला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, ते तसेच सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तेथे पेटते. कन्व्हर्टरच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती या उष्णतेने वितळते. माझी वितळली. चार प्लगांत जेवढे वाचविले होते त्याच्या कित्येक पट एका कन्व्हर्टरला गेले.

प्लग काढले तेव्हा तिसऱ्याची चिनीमाती तडकलेली होती. चारही प्लगांवरचा छाप पुसट, मधली तार किंचित बाजूला, आणि समोरच्या वाकड्या पट्टीवर जो प्लॅटिनमचा बारीक ठिपका असायला हवा तो कोठेच नव्हता. नकली माल. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या सर्वांना माहीत आहे. विकणाऱ्याचा हिशेब त्याच्यापाशी, पण ढिगात हात घालून पाहणे हे माझेही काम होते.

आता प्लग कसा निवडावा. गाडीच्या पुस्तिकेत किंवा जुन्या अस्सल प्लगवर नंबर असतो, तोच पाहावा. माझ्या इंजिनाला एनजीकेचा पीएफआर७एस८ईजी लागतो. यातला पहिला ‘पी’ प्लॅटिनमचा. ‘एफ’ म्हणजे १४ मिलीमीटर व्यासाचा आटा, १९ मिलीमीटर लांबी आणि १६ चा पाना. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर आहे, तो नसेल तर ठिणगीमुळे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत गडबड होऊ शकते. पुढचा ७ हा सर्वांत महत्त्वाचा, तो प्लगची उष्णता सांगतो, आणि ८ म्हणजे ०.८ मिलीमीटरची फट. एकाच नावाच्या इंजिनाच्या पुढच्या पिढीला वेगळा नंबर लागू शकतो, म्हणून माझा नंबर पाहून कोणी आपल्या गाडीला घेऊ नये.

उष्णतेच्या आकड्याचा घोटाळा आपल्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळेल. सुती धाग्यात ४० काउंट हा २० पेक्षा बारीक असतो, पण डेनियरमध्ये उलटे, १५० डेनियर हा ७५ पेक्षा जाड. दोन्हीकडे आकडा वाढतो, अर्थ मात्र विरुद्ध. प्लगचेही तसेच. एनजीके आणि डेन्सोत आकडा जितका मोठा तितका प्लग ‘थंड’, बॉशमध्ये आकडा जितका मोठा तितका ‘गरम’. त्यात एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २० आणि ७ म्हणजे २२. दुकानदार “साहेब, ७ नंबरच आहे, कंपनी दुसरी” म्हणाला तर मान डोलावू नये, त्या कंपनीच्या तक्त्यात आपल्या गाडीचे नाव शोधायला सांगावे.

थंड आणि गरम म्हणजे काय? इंजिन चालू असताना प्लगचे टोक साधारण ५०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवे. त्याखाली काजळी जळून जात नाही आणि प्लग काळा पडतो. फार वर गेले तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. टर्बो इंजिनात उष्णता जास्त, म्हणून तेथे उष्णता लवकर बाहेर टाकणारा थंड प्लग लागतो.

दुकानात ‘कॉपर’, ‘प्लॅटिनम’, ‘इरिडियम’ असे तीन शब्द ऐकू येतात. ‘कॉपर’ हे नाव आपल्या आर्ट सिल्कसारखे आहे, ज्यात रेशीम नसते. तांब्याचा गाभा बहुतेक सगळ्याच प्लगांत असतो, टोक मात्र निकेलच्या मिश्रधातूचे. निकेल सुमारे १,४५५ अंशांना वितळते, प्लॅटिनम १,७६८ ला आणि इरिडियम २,४४६ ला. म्हणूनच इरिडियमची तार अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास बारीक ठेवता येते आणि तरी ती लवकर झिजत नाही. निकेलचा प्लग टर्बो गाडीत चालतो, पण लवकर बदलावा लागतो. स्वस्त पडतो हा हिशेब कागदावरच राहतो. प्लॅटिनमला टर्बोत साधारण ६० हजार किलोमीटर धरावेत, टर्बो नसलेल्या इंजिनातला इरिडियम १ लाख किंवा त्याहून जास्त चालतो. शेवटचा शब्द पुस्तिकेचा.

बदलताना पहिली अट, इंजिन पूर्ण थंड हवे. हेड अॅल्युमिनियमचे असते, गरम असताना प्लग फिरविला तर आटे निघून येतात आणि मग हेड उतरविण्याची पाळी. रात्री गाडी ठेवावी, फजरनंतर काम करावे. माझ्या गाडीत वरचे झाकण उचलले की चार कॉइल एका रांगेत दिसतात. त्यांचे प्लास्टिकचे क्लिप उष्णतेने ठिसूळ होतात, पेचकसाने उचकटू नयेत. कॉइल सरळ वर खेचावी. प्लग सोडण्यापूर्वी खड्ड्यात हवा मारून धूळ उडवावी, नाही तर ती सिलिंडरमध्ये पडते. लूमच्या कापसाची धूळ आपल्या गावांत किती असते ते सांगायला नको.

नवा प्लग आधी हातानेच फिरवावा, पाना नंतर. माझ्या इंजिनाला ३० न्यूटन मीटरचा ताण आहे. टॉर्क पाना नसेल तर वॉशरचा नवा प्लग हाताने बसल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. काही मिस्त्री आट्याला ग्रीस लावतात. एनजीके ते लावू नका म्हणते, कारण ग्रीसमुळे पाना कमी ताण दाखवतो आणि प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. फट तपासायची तर तारेच्या गेजने हलक्या हाताने, बारीक तारेवर दाब नको. हातातून पडलेला प्लग वापरूच नये.

जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून घ्यावेत. (कोरा कागद घ्यावा, आपले साप्ताहिक नको, त्यात दीनी मजकूर असतो.) टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड, ओला तेलकट काळा म्हणजे इंजिनचे ऑइल वर येत आहे, पांढरे फटक आणि फोड आलेले म्हणजे अति उष्णता. चिनीमातीवर बाहेरून, लोखंडाच्या कडेजवळ, तपकिरी वलय दिसते. ते दाखवून “कॉम्प्रेशन गळते आहे” म्हणून ग्राहकाला घाबरवतात. ते उच्च दाबाच्या विजेने चिकटलेल्या तेलकट धुळीचे डाग असतात, त्याने काही बिघडत नाही.

प्लग नवे घालूनही धक्के राहिले तर लगेच चारही कॉइल घेऊ नयेत. स्कॅनरने पी०३०३ दाखविला तर तिसरा सिलिंडर. त्याची कॉइल पहिल्यावर लावावी आणि पहिल्याची तिसऱ्यावर. दोष पी०३०१ झाला तर कॉइल खराब, तेथेच राहिला तर दुसरीकडे शोधावे.

आखातात असलेल्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. तेथे लेक्सस आरएक्स ३५० फार दिसते. तिच्या २०२२ पर्यंतच्या मॉडेलांत व्ही ६ इंजिन आडवे बसविलेले आहे. पुढचे तीन प्लग समोर दिसतात, मागचे तीन केबिनच्या भिंतीकडे, हवेच्या मोठ्या टाकीखाली दडलेले. ती टाकी उतरवावी लागते, तिचे गॅस्केट नवे घालावे लागते, काही तासांचे काम आहे. माझ्या भाच्याने शारजात सहा प्लगांचे पैसे दिले, आणि वर्षभराने दुसऱ्या मिस्त्रीने टाकी काढली तेव्हा मागचे तीन जुनेच निघाले. पहिल्या वेळी काम अर्ध्या तासात झाले होते. आता तो गॅरेजमध्ये बसून राहतो आणि सहा जुने प्लग हातात पडल्याशिवाय पाकीट काढत नाही.