भोजनाची मात्रा : नियम की तत्त्व?

पालि वाङ्मयात ‘भोजने मत्तञ्ञुता’ ही संज्ञा ठिकठिकाणी येते. भोजनाची मात्रा जाणणे, असा तिचा सरळ अर्थ होय. या संज्ञेतील ‘जाणणे’ या क्रियेकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आपण ती ‘कमी खावे’ अशी आज्ञा समजतो आणि पुढे निघतो. आज्ञा पाळणे आणि मात्रा जाणणे यांत किती अंतर आहे, हे अमेरिकेतील एका मानसशास्त्रज्ञ विदुषीच्या संशोधनातून स्पष्ट होते. डॉ. जीन क्रिस्टेलर यांच्या या संशोधनाचा परिचय वाचकांस करून द्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम त्या विकाराचे स्वरूप पाहू. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९५९ साली काही स्थूल रुग्णांच्या खाण्याचे वर्णन केले. हे रुग्ण थोड्या वेळात फार मोठ्या प्रमाणावर खात, आणि त्यानंतर त्यांना तीव्र पश्चात्ताप होई. यास आपण आवेगी अतिभक्षण म्हणू. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने त्यास स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. असा प्रसंग सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने घडणे, त्या वेळी आपल्यावर आपला ताबा उरला नाही असे वाटणे आणि मागाहून लाज व क्लेश होणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. अनेक रुग्ण या लाजेपोटी एकटेच, कोणाच्या नकळत खातात. प्रत्येक स्थूल व्यक्तीस हा विकार असतो असे नाही, आणि हा विकार असलेली प्रत्येक व्यक्ती स्थूल असते असेही नाही.

लोक मात्र याचे कारण एकच सांगतात : मनाचा दुबळेपणा. मग उपायही एकच सुचतो : अधिक कडक पथ्य. हा उपाय कसा उलटतो, हे पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले. त्यांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजले, काहींना काहीच दिले नाही, आणि नंतर सर्वांपुढे चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम ठेवले. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालून घेत नसत, त्यांनी मिल्कशेक प्याल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या नेहमी पथ्य करीत, त्यांनी उलट अधिक खाल्ले. पथ्य एकदा मोडलेच, तर आता आवरून काय उपयोग, अशी ही मनोवृत्ती होय. नियम मोडताच त्याच्याबरोबर संयमही गेला, कारण संयमाला नियमावाचून दुसरा आधारच नव्हता. पोट भरल्याची खूण शरीर देत होते. पण ती ऐकण्याची सवय सुटली होती.

इंडियाना स्टेट विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्राध्यापिका असलेल्या क्रिस्टेलर यांनी या सुटलेल्या सवयीवरच लक्ष केंद्रित केले. रुग्णास आणखी एक नियम देण्याऐवजी त्यांनी बौद्ध परंपरेतील सति-भावनेचा, म्हणजे क्षणोक्षणीच्या सजगतेचा, आधार घेतला. या प्रशिक्षणात शिबिरार्थी शांत बसून प्रथम श्वासाकडे लक्ष देण्यास शिकतात. मग एकेक मनुका सावकाश चावून तिची चव न्याहाळतात. पुढे ज्या पदार्थांची त्यांना धास्ती वाटते, ते गोड व स्निग्ध पदार्थही याच रीतीने खातात. भूक किती आहे आणि पोट किती भरले आहे, यांची ते वेगवेगळी नोंद घेतात. आणखी एक गोष्ट त्यांना स्वानुभवाने कळते : एकच पदार्थ खात राहिल्यास काही घासांनंतर त्याची गोडी उतरत जाते. आवेगाने खाणाऱ्यास हे कळतच नाही; पहिल्या घासाच्या सुखामागे तो विसावा घास खात असतो. तृष्णेचे इतके नेमके दर्शन क्वचितच घडत असेल.

या पद्धतीचा पहिला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १८ स्थूल स्त्रिया होत्या आणि प्रशिक्षण सहा आठवड्यांचे होते. आवेगी खाण्याचे प्रसंग आठवड्यास चारहून अधिक होते, ते सुमारे दीडवर आले. रुथ वोलेव्हर व व्हर्जिल शीट्स यांच्यासह केलेला मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १५० व्यक्तींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून तीन गट केले होते. एका गटास सजगतेचे प्रशिक्षण, दुसऱ्यास आहारशिक्षण व विचारपरिवर्तनाची प्रचलित पद्धती, आणि तिसरा गट प्रतीक्षेत. प्रशिक्षणानंतर चार महिन्यांनी, मुळात विकारग्रस्त असलेल्यांपैकी पहिल्या गटातील ९५ टक्के आणि दुसऱ्या गटातील ७६ टक्के व्यक्ती निदानाच्या कसोटीबाहेर आल्या होत्या. दुसरी पद्धतीही उपयुक्त ठरली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तसेच ही वजन घटविण्याची जादू नव्हे. पहिल्या अभ्यासात वजन घटले नव्हते; दुसऱ्यात ज्यांनी सराव अधिक केला, त्यांचे वजन अधिक उतरल्याचे दिसले.

हे वाचताना संयुत्त निकायातील कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आपणांस आठवेल. राजा द्रोणभर भाताचे भोजन करून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, अन्न वर्ज्य करावयासही सांगितले नाही. मात्रा जाणून खाणाऱ्यास वेदना कमी होतात, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करून आपल्या भोजनसमयी म्हणण्यास सांगितले. अट्ठकथा असे सांगते की, गाथा जेवणाच्या आरंभी नव्हे, तर अखेरीस म्हणावयाची होती. ती कानी पडताच राजा उरलेला घास ठेवून देई, आणि पुढच्या वेळी तेवढाच भात कमी शिजविला जाई. असे करीत तो क्रमाक्रमाने नाळीभर भातावर आला. येथे दंड नाही, उपवास नाही. जेथे भान सुटते, नेमक्या तेथे स्मृती जागी केली आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना तत्त्व आणि नियम यांतील भेद सांगितला आहे. भगवंतांनी अहिंसा नियम म्हणून लादली नाही, ती तत्त्व म्हणून दिली. नियम मनुष्यास बांधतो. तत्त्व त्यास विचार करून कृती करण्याचे स्वातंत्र्य देते. हाच भेद भोजनास लावून पाहावा. पथ्याचा तक्ता हा नियम होय आणि मत्तञ्ञुता हे तत्त्व होय. नियम मोडला की तो संपतो. तत्त्व मात्र पुढच्या घासालाही तितकेच लागू असते.

ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांवर उपासमार लादली गेली, त्याने उपाशी राहण्यास सद्गुण मानण्याचे कारण नाही. ताटात काही टाकू नये, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण भुकेच्या अनुभवातून आली आहे, आणि ती आदरास पात्र आहे. म्हणूनच मात्रा जाणावयाची ती ताट वाढून घेतानाच. सिद्धार्थ गौतमानेही देहदंडाचा मार्ग स्वतः अनुभवून सोडला, आणि अन्न घेऊनच तो बोधीकडे वळला.

घरातील एखादी मुलगी चोरून खात असेल, खाल्ल्यावर रडत असेल, तर तिला टोचून बोलू नये आणि तिच्या वजनाची चर्चा चारचौघांत करू नये. लाज हे या विकाराचे औषध नव्हे. लाजेनेच तो वाढतो. अशा वेळी जाणत्या डॉक्टरांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केवळ ध्यानावर विसंबून राहू नये. घरच्यांनी मात्र एवढे अवश्य करावे : सर्वांनी एकत्र, सावकाश आणि शांतपणे जेवावे, आणि त्या पंक्तीत तिची जागा सन्मानाची असावी. मैत्री हीदेखील भावनाच आहे, आणि तिचा आरंभ आपल्या घरच्या ताटापासून होऊ शकतो.