मीठ नेमके कशात? (लेखांक 7)

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळले की थोड्याच वेळात नसरापूर लागते. हाच रस्ता पुढे वेल्ह्याला, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी जातो. सुट्टीच्या दिवशी बऱ्याच गाड्या मात्र बनेश्वरच्या बनापाशीच थांबतात. नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलेले शिवमंदिर, थंड पाण्याची कुंडे, गर्द झाडी. दर्शन घ्यायचे, मुलांना कुंडातले मासे दाखवायचे आणि परत फिरायचे, असा शिरस्ता. देवळातली घंटा निरखून पाहणारे थोडे. तिच्यावर क्रूस आहे आणि 1683 हे साल कोरलेले आहे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकच्या नारोशंकराला एक, भीमाशंकराला एक, मेणवलीला एक आणि ही बनेश्वरला.

घंटेचे काम सोपे झाले. नाद तोच राहिला, देव बदलला. माणसाने देव बदलला की त्याला मात्र रोज सकाळी उठून ठरवावे लागते, की आता आपले वेगळे काय?

भोर-वेल्ह्यासारख्या मुलखात हा प्रश्न पोथीतला राहत नाही. जत्रेची वर्गणी घराघरांतून गोळा होते, लग्नाला सगळी भावकी लागते, खाचरात लावणीला शेजारी हवा असतो. समोरचा ‘रामराम’ म्हणतो. जुन्या वळणाचा मराठी ख्रिस्ती माणूस त्याला ‘सलाम’ म्हणतो. (हा शब्द मुळात अरबी. पण ओळख म्हणून तो पक्का बसला.) इतक्या लहानशा गोष्टीतही वेगळेपण दिसते. ते कुठे दिसावे आणि कुठे दिसू नये, हा आजच्या लेखाचा विषय.

या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यात हुकूमनाम्याने दिले गेले. 1736 साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती झालेल्यांसाठी मनाईची लांबलचक यादी काढली. अंगणात तुळस नको, धोतर-चोळी नको, लग्नातली जुनी गाणी नकोत, आणि भात बिनमिठाचा शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात! इंद्रायणी पिकवणाऱ्या भोर-वेल्ह्यातल्या बहुतेक घरांत आजही भात बिनमिठाचाच होतो. त्यात कुणाला धर्म दिसत नाही. ख्रिस्ताने शिष्यांना मिठाची उपमा दिली होती, ती बहुधा त्यांच्या वागण्याबद्दल. हुकूम काढणाऱ्यांनी ती थेट पातेल्यात नेऊन ठेवली.

दुसरे उत्तर मिशनच्या कंपाउंडमध्ये तयार झाले. पंतसचिवांच्या भोर संस्थानाच्या या टापूत टास्मानियाच्या चार्ल्स रीव्ह यांनी 1893 मध्ये स्थापलेले ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ काम करू लागले. नसरापूर हे त्याचे एक ठाणे. नावातच खेडे असलेले हे मिशन. पण महाराष्ट्रभर मिशनांच्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. बाप्तिस्मा घेतला की गाव त्या माणसाला विहिरीपासून तोडी. मग घर मिशनचे, शाळा मिशनची, नोकरीही मिशनची. गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला आधार देण्याखेरीज मिशनऱ्यांपुढे दुसरा मार्गही नव्हता, हे खरे. पण त्यामुळे ख्रिस्ती माणसाचे वेगळेपण शेजाऱ्याला दिसायचे ते तारेच्या कुंपणापलीकडून.

हे कुंपण ज्यांना टोचले, त्यात पहिले नाव पंडिता रमाबाईंचे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, यावरून त्यांचा तिथल्या सिस्टरशी पत्रांतून वाद झाला. लॅटिन ही काही देवाची खास भाषा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. पुढे याच पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभे केले. दुष्काळात घरदार तुटलेल्या मुली आणि केशवपन झालेल्या विधवा तिथे एकत्र राहू लागल्या आणि छापखानाही चालवू लागल्या. भोवतालच्या समाजाला खटकले ते हे. साडी तर तीच होती.

नारायण वामन टिळकांचे घर आणखी बोलके. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या दूर राहिल्या, आणि परत आल्या त्या आपले सोवळे घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण, एकाच संसारात स्वयंपाक वेगळा आणि पाणी वेगळे. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ही ओढाताण ठाऊक आहे, आणि त्यातला विनोदही. महत्त्वाचा आहे तो क्रम. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना आधी पटले आणि कुणाच्याही हातचे पाणी चालू झाले. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. लुगडे नऊवारीच राहिले, बोली तीच राहिली. बदलली ती चूल. ब्राह्मण घरात त्या काळी याहून मोठी उलथापालथ दुसरी नव्हती.

टिळकांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची भावना होती. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि दोनच वर्षांत ते गेले. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. तिथे खादी, जमिनीवरची पंगत, साधे शाकाहारी जेवण. मराठी ख्रिस्ती मंडळी एकीकडे बूट घालून चर्चला जात असताना साहेब पाटावर बसून जेवत होता, ही त्या काळातली गंमत.

वेगळेपण कशात असावे, हे दुसऱ्या शतकातल्या एका ग्रीक पत्रात जरा निराळ्या तऱ्हेने मांडलेले आहे. डायोग्नेटस नावाच्या गृहस्थाला लिहिलेले हे पत्र सांगते, की ख्रिस्ती लोक भाषा, पेहराव आणि खाणेपिणे यांत इतरांसारखेच असतात, पण जन्मलेले मूल ते टाकून देत नाहीत. गर्भलिंगनिदान कायद्याने बंद करावे लागलेल्या महाराष्ट्रात हे वाक्य जुने वाटत नाही.

सगळे इतके सरळ नाही. जात चर्चच्या बाकांपर्यंत आली, सोयरिकी जुळवताना तर हमखास. गावकीची कामे नाकारून, मेलेली गुरे ओढणे सोडून ताठ उभे राहिलेल्या महार-मांग कुटुंबांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने निराळाच फटका दिला. ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत धरला जात नाही. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये ती दारे उघडली, ख्रिस्त्यांना अजून नाही. म्हणून पुष्कळ घरांत दाखल्यावरचा धर्म एक आणि रविवारचा दुसरा. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. पण मुलाची फी ज्याला भरायची आहे, त्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय तसे म्हणू नये.

घंटा जिथून आली त्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ चालवली, जमिनी गिळणाऱ्यांशी भांडण घेतले, ‘सुबोध बायबल’ लिहिले. 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै 2024 मध्ये ते गेले. त्यांच्या मराठीत मराठी वाचकाला परके असे काही सापडले नाही. जमिनीवरून त्यांनी वैरही पत्करले.

बनेश्वरला पुन्हा जाल तेव्हा घंटेवरचे साल जरूर पाहा. पुढच्या आठवड्यात केडगावच्या छापखान्यात, रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलाच्या खिळ्यांपाशी.