विमानवाहू युद्धनौकेचे खरे चिलखत

नोव्हेंबर १९७१ च्या मध्यास पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी कराचीहून निघाली आणि भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. एवढा लांबचा पल्ला गाठू शकणारी पाकिस्तानकडील ती एकमेव पाणबुडी होती. तिच्यावर सोपविलेली मुख्य कामगिरी होती ‘आयएनएस विक्रांत’ शोधून बुडविण्याची. विक्रांत ही तेव्हा भारताची एकुलती एक विमानवाहू युद्धनौका. तिच्या चार बॉयलरपैकी एक निकामी झाल्याने तिचा वेगही मर्यादित झाला होता. अशा स्थितीत विक्रांत वाचली, त्याचे श्रेय तिच्या पोलादाला वा तोफांना देता येत नाही. शत्रूला तिचा ठावठिकाणा लागला नाही, म्हणून ती वाचली.

पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांत गुपचूप अंदमानकडे हलविली आणि ती विशाखापट्टणमच्या परिसरातच असल्याचा देखावा उभा केला. बाजारातून मोठ्या प्रमाणावर शिधा खरेदी करण्यात आला. ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका एखाद्या मोठ्या जहाजाला शोभतील इतके बिनतारी संदेश पाठवीत राहिली. गाझी या देखाव्याला फसली आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणम बंदराच्या तोंडाशी नव्वदहून अधिक नौसैनिकांसह तळाला गेली. राजपूतच्या डेप्थ चार्जने ती बुडाली, असे भारतीय नौदलाचे म्हणणे. तर स्वतःच्याच सुरुंगांमुळे अथवा अंतर्गत स्फोटामुळे तिचा अंत झाला, असे पाकिस्तान मानतो. त्यानंतर विक्रांतवरील सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव व कॉक्स बझारवर हल्ले चढविले.

अर्धशतकानंतर भारताकडे त्याच नावाची नवी नौका आहे. कोची येथे बांधलेली, २६२ मीटर लांबीची आणि सुमारे ४५ हजार टन वजनाची नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या बांधणीवर सुमारे २० हजार कोटी रुपये खर्च झाले. एवढी मोठी नौका आजच्या समुद्रात लपविता येईल काय, हा प्रश्न आता जगभरची आरमारे विचारीत आहेत.

लहानाची मोठ्यावर मात

विमानवाहू नौकेचे सामर्थ्य आणि तिचे दौर्बल्य एकाच ठिकाणी एकवटलेले असते. तिच्या पोटात विमानांचे इंधन आणि बॉम्ब यांचा प्रचंड साठा असतो. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. त्यांतील काहींच्या हँगरमध्ये इंधन भरलेली विमाने आणि उघडे बॉम्ब होते, त्यामुळे मोजक्या बॉम्बफेकीतूनही आग आटोक्याबाहेर गेली. शत्रूचा हात नसतानाही हे घडू शकते. जुलै १९६७ मध्ये अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’वर एक रॉकेट चुकून सुटले आणि भडकलेल्या आगीत १३४ जणांचा बळी गेला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इजिप्तच्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी ‘एलात’ ही इस्रायली विनाशिका बुडविली. भारतीय नौदलानेही ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री हाच धडा गिरविला. अवघ्या दोन-अडीचशे टनांच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीजवळ ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडविली. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवनजीक त्याची दुसरी बाजू दिसली. पाणबुडीच्या शोधात निघालेल्या ‘आयएनएस खुकरी’ला पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने पाणतीराने बुडविले आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जणांना जलसमाधी मिळाली.

‘हर्मिस’ने मोजलेली किंमत

मुंबईकरांच्या परिचयाच्या ‘आयएनएस विराट’चे पूर्वायुष्यही येथे बोलके आहे. १९८७ ते २०१७ अशी तीस वर्षे भारताची सेवा केलेली ही नौका त्यापूर्वी ब्रिटनची ‘हर्मिस’ होती आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती. त्या युद्धात ४ मे रोजी अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र ‘शेफिल्ड’ या विनाशिकेवर आदळले. मुख्य ताफ्यापुढे पहारा देत असताना ती बळी पडली होती.

ब्रिटनने हर्मिसला बेटांपासून दूर पूर्वेकडे ठेवले. नौका सुरक्षित राहिली. परंतु तिच्या सी हॅरियर विमानांना बेटांवर घिरट्या घालण्यास थोडाच वेळ मिळू लागला आणि किनाऱ्याजवळच्या जहाजांना त्याची झळ सोसावी लागली. उलट बाजूस, ब्रिटिश पाणबुडीने २ मे रोजी ‘जनरल बेल्ग्रानो’ ही क्रूझर बुडविताच अर्जेंटिनाने आपली विमानवाहू नौका बंदरात परत नेली. तिला एकही पाणतीर लागला नाही, तरी युद्धातून ती बाद झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर एकही विमानवाहू नौका खुल्या समुद्रात शत्रूच्या माऱ्याने बुडालेली नाही, असे समर्थक सांगतात, आणि ते खरे आहे. मोठी नौका बुडविणे अवघडही आहे. अमेरिकेने २००५ मध्ये निवृत्त ‘अमेरिका’ नौकेवर काही आठवडे चाचणी-स्फोट केले आणि त्यानंतरच ती बुडविली. परंतु युद्धात नौका बुडवावीच लागते असे नाही. तिची धावपट्टी निकामी करणे, किंवा विमानांच्या पल्ल्याबाहेर तिला रेटणे, एवढ्यानेही शत्रूचे काम भागते.

पल्ला आणि पत्ता

आज हे रेटण्याचे अंतर वाढले आहे. रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईहून गोंदियाला जाणारा प्रवासी सुमारे एक हजार किलोमीटर अंतर कापतो. चीनच्या ‘डीएफ-२१ डी’ या जहाजवेधी क्षेपणास्त्राचा पल्ला त्याच्या दीडपट, म्हणजे सुमारे १,५०० किलोमीटर सांगितला जातो.

तथापि पल्ला असणे वेगळे आणि पत्ता ठाऊक असणे वेगळे. तीस नॉट वेगाने जाणारी नौका पाव तासात सुमारे १४ किलोमीटर पुढे सरकते, तर एका तासात ५५ किलोमीटर. म्हणजे उपग्रहाने टिपलेले स्थान मुख्यालयात पोहोचून निर्णय होईपर्यंत ते जुने झालेले असते. नौका शोधणे, ती ओळखणे, तिचा सतत मागोवा घेणे आणि क्षेपणास्त्राला अखेरच्या टप्प्यात दिशा देणे, ही साखळी सलग राहिली तरच मारा साधतो. तिची एक कडी तोडणे, हाच नौकेचा बचाव. कृष्णन यांनी पहिलीच कडी तोडली होती. परंतु उपग्रहांची संख्या वाढत असून ड्रोनही तासन् तास टेहळणी करू लागले आहेत. बिनतारी संदेशांचा देखावा आज पूर्वीइतका सहज खपणार नाही.

पाण्याखालचा धोका तर जुनाच आहे. २००५ मधील सरावात ‘गोटलंड’ या छोट्या स्वीडिश पाणबुडीने अमेरिकेच्या ‘रोनाल्ड रेगन’भोवतीचे कडे भेदून दाखविले. पाकिस्तानने चीनशी आठ पाणबुड्यांचा करार केला असून त्या दीर्घकाळ पाण्याखाली राहू शकतात. त्यांच्या वर्गाला देण्यात आलेले नाव ‘हंगोर’ हेच आहे.

भारतापुढील निवड

भारताने तिसरी विमानवाहू नौका बांधावी काय, या वादाला ही पार्श्वभूमी आहे. तत्कालीन संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी २०२० मध्ये याबाबत जाहीर साशंकता व्यक्त केली होती आणि पाणबुड्यांना प्राधान्य देण्याकडे त्यांचा कल होता. खर्चही केवळ नौकेचा नसतो. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार झाला, तो सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा, म्हणजे विक्रांतच्या बांधणीखर्चाच्या तिपटीहून अधिक. शिवाय नौकेभोवती विनाशिका, फ्रिगेट आणि पाणबुड्यांचे कडे हवे. नौका शत्रूवर चालून जाते की ताफा तिच्याच रक्षणात अडकतो, हा हिशेब तेव्हा मांडावा लागतो.

दुसरी बाजूही दुबळी नाही. किनाऱ्यावरील विमानतळाचा पत्ता शत्रूच्या नकाशावर कायमचा नोंदलेला असतो. विमानवाहू नौका मात्र एका दिवसात हजार किलोमीटरहून अधिक अंतर सरकू शकते. तांबड्या समुद्रात २०२३ पासून हुती बंडखोरांनी क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडले, तरी अमेरिकेच्या विमानवाहू नौकांना त्यांचा फटका बसला नाही. अर्थात त्यासाठी सोबतच्या युद्धनौकांना महागडी क्षेपणास्त्रे खर्ची घालावी लागली. खुल्या हिंदी महासागरात, व्यापारी मार्गांवर आणि दूरच्या बेटांलगत हवाई छत्र देणारे दुसरे साधन आज भारताकडे नाही.

म्हणून ‘विमानवाहू नौकेचे युग संपले’ हा निष्कर्ष जितका घाईचा, तितकीच ‘ती अभेद्य आहे’ ही समजूत घातक. तिसऱ्या नौकेचा निर्णय तिच्या टनांवर घेता येणार नाही. तिला शत्रूच्या नजरेआड ठेवणारी यंत्रणा, पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर आणि माझगाव गोदीसारख्या ठिकाणी बांधल्या जाणाऱ्या पाणबुड्या यांचीही तरतूद त्याच वेळी व्हावी लागेल. या तरतुदीविना बांधलेली नौका संचलनात देखणी दिसेल. युद्धात मात्र तिला बंदरातच ठेवण्याचा मोह सेनापतींना होईल.