पोतडीतला फेरफार

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.५ या आवृत्तीबरोबर २०१६ च्या जानेवारीत, जेसनबी दस्तऐवजातली एखादीच किंमत बदलून देणारे जेसनबी_सेट हे फंक्शन आमच्या हाती आले, त्याला आता दहा वर्षे झाली. या मागोव्याचे खरे निमित्त मात्र हाताखालच्या एका उमेदवाराने परवा निर्व्याज मनाने दिलेला, 'सर, रकाने पाडायचे कशाला, सगळं एका जेसनमध्ये टाकू,' हा सल्ला आहे.

१९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या रिलेशनल सिद्धांतानंतरची चार दशके, प्रत्येक गोष्टीला तिचा रकाना या एकाच शिस्तीत, सुखात आणि कंटाळ्यात गेली. २०१२ मध्ये पोस्टग्रेसमध्ये जेसन आले ते निव्वळ तपासून ठेवलेला मजकूर म्हणून. २०१४ च्या अखेरीस जेसनबी आले, पण आतली एक किंमत बदलण्याची सोय त्यातही नव्हती. पिनकोडचा एक अंक चुकला तरी अख्खा दस्तऐवज प्रोग्राममध्ये ओढून आणायचा आणि दुरुस्त करून परत लिहायचा, मग तेवढ्या अवधीत दुसऱ्याने केलेली दुरुस्ती खुशाल गडप होवो.

त्यामुळे नवे फंक्शन आम्हांला वरदान वाटले, आणि रकान्यांचा मसुदा ठरविण्याचे कष्ट नकोत म्हणून, त्या दशकात ग्राहकाचे नाव वगळता सारे आम्ही जेसनबीच्या एका पोतडीत भरले. एका रात्री मोबाइल क्रमांकांचा फेरफार चालविला असता, ज्यांचा नवा क्रमांक यादीत रिकामा होता, त्यांचा क्रमांकच नव्हे, तर पत्त्यासकट सगळी पोतडीच नल झाली. कारण या फंक्शनला एक जरी नल दिला तरी उत्तर नलच येते, आणि रकान्यावर नॉट नलची अट न घालण्याचा आळस सर्वस्वी माझा होता. २०२० मध्ये नल सांभाळून घेणारे जेसनबी_सेट_लॅक्स आले, २०२१ मध्ये चौकटी कंसांत किल्ली लिहून किंमत बदलण्याची सुबक रीतही आली. तळाशी मात्र, एक अक्षर बदलले तरी ओळीची नवी प्रत लिहायची आणि जुनी व्हॅक्यूम नावाच्या साफसफाईसाठी मागे टाकायची, हा दफ्तरी रिवाज कायम राहिला.

उमेदवाराशी मी वाद घातला नाही. ज्या नोंदीत 'पत्ता' ही किल्लीच नाही, तिच्यात जेसनबी_सेटने पत्त्याखालचा पिन बदलण्याची आज्ञा त्याच्याच हातून द्यावयास लावली.

'अपडेट १ आलं की, सर!'

'आता नोंद उघड.'

पिन कोठेच नव्हता. ओळीची नवी प्रत तेवढी लिहिली गेली होती, अक्षर न् अक्षर जुनीसारखीच.